राखीव जोडी

सेलूचा संघ नऊ विरुद्ध एक असा पुढं होता, आणि नेमकं तेव्हाच शिवकन्या मॅडमनी आपली सगळ्यात भारी पिचर बाहेर बोलावली. दोरीच्या पलीकडं उभ्या असलेल्या दिनकररावांचा पान चघळता चघळता जबडाच थांबला. बाहेर येत होती ती त्यांची लेक होती, अर्पिता.

"काय करायल्या ह्या बाई?" ते शेजारच्या माणसाला म्हणाले. "चांगली खेळायली पोरगी. थकली न्हाई, दुखलं न्हाई. मंग कामून काढायचं?"

शेजारच्याला सॉफ्टबॉलमधलं काही कळत नव्हतं. त्यानं नुसती मान हलवली.

परभणीच्या मोठ्या मैदानावर सतरा वर्षांखालच्या मुलींची विभागीय स्पर्धा चालू होती. पहिलाच दिवस, पहिलाच सामना. ऑक्टोबरचं ऊन डोक्यावर तापलं होतं. शिवकन्या मॅडम टोपी डोळ्यांवर ओढून आपल्या बाकापाशी उभ्या होत्या. दिनकररावांचा आवाज त्यांना ऐकू गेला होता. अख्ख्या मैदानाला गेला होता. सेलूच्या कापसाच्या जिनिंगमध्ये, यंत्रांच्या खडखडाटात आयुष्य काढलेल्या माणसाला हळू बोलायची सवय नसते. पण मॅडमनी वळून पाहिलं नाही. त्यांनी बाकावरच्या राखीव पिचरच्या, भक्तीच्या पाठीवर थाप मारली आणि तिला चेंडू टाकायला आत पाठवलं.

शिवकन्या मॅडम मूळच्या चारठाण्याच्या. सेलूच्या शाळेत खेळाच्या शिक्षिका होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती. त्या स्वतः विद्यापीठाच्या संघात होत्या, पण सगळा वेळ राखीव म्हणून बाकावर. एकदा त्या अशाच एका स्पर्धेहून घरी आल्या. आईनं धुवायला म्हणून बॅगेतला ड्रेस काढला, उलटापालटा करून बघितला आणि म्हणाली, "ह्येला मातीबी लागली न्हाई की गं." आई सहज बोलली होती, तिच्या मनात काही नव्हतं. पण ते वाक्य शिवकन्याच्या काळजात रुतलं. पुढं स्वतः संघ हातात घेतला तेव्हा त्यांनी एक गोष्ट पक्की केली. आपल्या संघातली एकही पोरगी कोऱ्या कपड्यांनी घरी जाणार नाही.

आणि यात दयामाया नव्हती. मॅडमचा हिशेब साधा होता. दोन दिवसांत चार सामने, तेही असल्या उन्हात. नऊ पोरींच्या जिवावर पहिले दोन जिंकता येतात. पुढचे दोन जिंकायचे तर बाकावरच्या पोरी तयार लागतात. तयार म्हणजे सरावात तयार नव्हे. खऱ्या सामन्यात, खऱ्या पंचासमोर हात थरथरून झालेले असले पाहिजेत. म्हणून सामना हातात असतानाच त्या राखीव पोरींना आत सोडायच्या. पुढं सामना अडला की त्यांना आत सोडायला मग भीती वाटत नसे.

भक्तीनं त्या दिवशी एक डाव टाकला. तिचा चेंडू अर्पिताच्या निम्म्या वेगानं जायचा, पण मारणारीच्या पुढ्यातल्या प्लेटजवळ पोचला की पायऱ्या उतरल्यासारखा खाली बसायचा. संघाची कॅचर रुख्मिणी त्या चेंडूवर वैतागायची. "मॅडम, हिचा बॉल मातीतच जातोय. गुडघे फुटायलेत माजे."

"तेच तर पायजे," मॅडम म्हणायच्या. "मारणारीला बी तो मातीतच शोधावा लागतोय."

त्यामुळं सरावात भक्तीचे चेंडू धरायचं काम बबिताकडं आलं होतं. दुसरं कुणी मोकळंच नसायचं. नववीतली बबिता, अंगानं काटक, संघात सगळ्यात वेगानं पळणारी. तिचे वडील बिरदेव मेंढरं घेऊन वर्षातले निम्मे महिने रानोमाळ हिंडायचे, म्हणून ती सेलूत आत्याकडं, कासाबाईकडं राहायची. बॅट हातात आली की ती गोंधळायची. पण पळायला सांगा, नाहीतर भक्तीचा चेंडू अडवायला सांगा, मग बघा. चेंडू मातीत आपटून उसळला तर ती ग्लोव्हनं, छातीनं, मांडीनं, जमेल त्यानं तो अडवायची. रोज संध्याकाळी पहिल्या नऊजणी मैदानात खेळत असताना ह्या दोघी कडेच्या भिंतीजवळ उभ्या असायच्या. एक टाकायची, दुसरी धरायची. त्या काय करतात याकडं मॅडम सोडून कुणी फारसं बघायचं नाही.

पहिल्या दिवशीचे दोन्ही सामने सेलूनं जिंकले. दुसऱ्या दिवशी सकाळी उपांत्य सामनाही जिंकला. प्रत्येक सामन्यात मॅडमनी तीन-चार पोरी बदलल्या. दिनकरराव प्रत्येक वेळी कुरकुरले आणि प्रत्येक सामना जिंकल्यावर शिट्टी मारून नाचलेसुद्धा.

अंतिम सामना दुपारनंतर होता. मधल्या वेळात पोरी लिंबाच्या सावलीत पुरीभाजी खात बसल्या. समोर लातूरचा संघ येणार होता. त्यांचे प्रशिक्षक व्यंकटराव सर मॅडमच्या ओळखीचे होते. वयानं मोठे, बोलायला गोड. ते पाण्याची बाटली घेऊन सहज चक्कर मारल्यासारखे आले.

"काय बाई, रोज नवा संघ उतरवता म्हणे."

"संघ तोच असतो सर. पोरी आत-बाहेर करतात."

"आपल्याला जमत नाही बुवा ते. मी नऊजणी ठरवल्या की ठरवल्या. बाकीच्या टाळ्या वाजवायला."

"तुमच्या पिचरनं कालपासून किती डाव टाकले सर?"

"सगळे," व्यंकटराव अभिमानानं म्हणाले. "एकसुद्धा सोडला नाही पोरीनं."

मॅडम हसल्या आणि त्यांच्या हातावर एक पेढा ठेवला. सर गेल्यावर बबिता ताट घेऊन जवळ आली. कालपासून ती दोनदा मैदानात गेली होती, दोन्ही वेळा दुसरीच्या जागी पळायला. पळून आली की बाहेर.

"मॅडम, फायनलला मला घ्याल का आत?"

"घेईन की."

"नुस्तं पळायला?"

मॅडमनी तिच्याकडं नीट पाहिलं. तक्रार नव्हती तिच्या तोंडावर. तिला फक्त माहिती हवी होती. "ते आत्ता सांगता येत न्हाई," त्या म्हणाल्या. "जेव त्या आधी. आन् भक्तीला घेऊन थोडे बॉल धर. हात गरम ठेव."

नाणेफेकीनंतर सेलूकडं आधी बॅटिंग आली. सामना सात डावांचा, आणि पहिल्या डावापासून तो घासूनच चालला. लातूरची पिचर उंच होती, खांद्यानं दणकट. तिचा चेंडू सणसणत यायचा. इकडं अर्पिताही हटणारी नव्हती. एक रन त्यांचा, एक आपला, असं करत सहावा डाव संपला तेव्हा फलकावर तीन-तीन होते.

पण मॅडमना एक गोष्ट दिसत होती. लातूरची पिचर दोन चेंडूंच्या मधे हात झटकत होती. आधी ती चेंडू मिळाला की लगेच टाकायची, आता पंचाकडं बघत वेळ काढत होती. चेंडू कंबरेपासून छातीकडं सरकू लागला होता.

"हिचा हात गेलाय," मॅडमनी बाकावर सांगितलं. "वरचा बॉल सोडू नका कुणी."

सातव्या डावात रुख्मिणी बॅटिंगला गेली. संघातली सगळ्यात जाडजूड आणि सगळ्यात ताकदीची पोरगी. तिला छातीच्या उंचीवर चेंडू मिळाला आणि तिनं तो असा हाणला की मधल्या आणि डाव्या क्षेत्ररक्षकाच्या मधून तो पार दोरीपर्यंत गेला. रुख्मिणी पहिला बेस ओलांडून दुसऱ्याकडं धावली. चेंडू परत येताना दिसला तशी तिनं घसरून पाय टाकला. ती वाचली. पण पाय बेसमध्ये अडकून मुरगळला आणि ती तिथंच घोटा धरून बसली.

मॅडमनी वेळ मागून घेतली. रुख्मिणीला दोघींनी धरून बाहेर आणलं, आणि तिच्या जागी बबिता दुसऱ्या बेसवर जाऊन उभी राहिली. ह्या खेळात सुरुवातीच्या नऊतली पोरगी बाहेर काढली तर एकदा परत आत घेता येते. त्यामुळं बबितानं पळून यावं आणि नंतर रुख्मिणीनं पुन्हा कॅचिंगला बसावं, असा सगळ्यांचा समज होता. मॅडमचाही होता.

पुढची बॅटर आऊट झाली. मग अर्पिता आली. मॅडम तिसऱ्या बेसपाशी जाऊन उभ्या राहिल्या. दोन चेंडू अर्पितानं सोडले. तिसरा तिनं ठोकला आणि तो दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधे उभ्या असलेल्या शॉर्टस्टॉपच्या डोक्यावरून पलीकडं पडला. बबिता चेंडू पडायच्या आधीच सुटली होती. तिसऱ्या बेसपाशी येईपर्यंत क्षेत्ररक्षकानं चेंडू उचलला होता. दुसऱ्या कुठल्याही पोरीला मॅडमनी थांबवलं असतं. त्यांनी हात गरागरा फिरवला. "जा! जा! बघू नको मागं!"

बबिता धुळीचा लोट उठवत होमप्लेटवर घसरली. चेंडू तिच्या मागून आला. पंचांनी दोन्ही हात पसरले. सेलू चार, लातूर तीन.

दिनकररावांनी खांद्यावरचा रुमाल हवेत उडवला. पण पुढच्या दोघी लागोपाठ आऊट झाल्या आणि पोरी ग्लोव्ह घालून आत जायला उठल्या. आता फक्त लातूरचा शेवटचा डाव अडवायचा होता.

"मी बसते मॅडम कॅचिंगला," रुख्मिणी म्हणाली. तिनं पॅड बांधायला घेतले होते.

"बस पाहू आधी अशीच. खाली बस."

रुख्मिणी उकिडवी बसायला गेली आणि तिचा चेहरा पांढरा पडला. घोटा चांगलाच सुजला होता. तिनं ओठ आवळून पुन्हा प्रयत्न केला. मॅडमनी तिच्या हातातले पॅड काढून घेतले. "पुरे. पाय मोडून घ्यायचा न्हाई."

संघात तिसरी कॅचर नव्हती. सगळ्यांनी बबिताकडं पाहिलं. बबितानं अर्पिताकडं पाहिलं, आणि दोघींच्या मनात एकच गोष्ट आली. बोलली अर्पिता.

"मॅडम, हिनं माजा बॉल एकदा बी धरला न्हाई आजपर्यंत."

"ठाऊक हाय."

"निसटला तर रन जातील. मी हळू टाकू का?"

"हळू टाकलीस तर त्या मारतील. सहा डाव तुजा बॉल बघितलाय त्यांनी." मॅडमनी बाकावर नजर टाकली. उत्तर त्यांच्या समोर, बाकाच्या टोकाला बसलं होतं, पायातल्या बुटाची नाडी बांधत. "भक्ती टाकील. बबिता धरील. तू पहिल्या बेसवर जा. तिथली पोरगी बाहेर बसंल."

अर्पिताच्या हातात चेंडू होता. तिनं तो सोडला नाही. "शेवटचा डाव हाय मॅडम. एकच रन वर हाय आपला."

"म्हणूनच सांगायले."

"मी कालपासून..." अर्पितानं चेंडू छातीशी धरला. ती सोळा वर्षांची होती आणि हा सामना आपल्या हातानं संपवायचा, हे तिनं सकाळपासून डोळ्यांपुढं आणलं होतं. दोरीपलीकडून तिच्या वडिलांनी गडबड ओळखली. "मॅडम, पोरीला काढू नका!" ते ओरडले. "हात गरम हाय तिचा!"

मॅडमनी पंचांना हातानं थांबायची खूण केली. त्या हुकूम देऊन मोकळ्या झाल्या होत्या. आता तो गिळायला पोरीला थोडी जागा हवी होती. पंच घड्याळ बघत होते.

अर्पितानं नाक ओढलं, चेंडू भक्तीच्या ग्लोव्हमध्ये आपटला आणि म्हणाली, "त्यांच्यातली लाल बुटावाली हाय ना, ती खालचा बॉल सोडत न्हाई, पण तो तिला मारता येत न्हाई. तिला खालीच टाक. वर गेला की मेलीस." आणि ती पहिल्या बेसकडं चालती झाली.

बदल ऐकून पलीकडं व्यंकटराव सर उठून उभेच राहिले. मग खाली बसले आणि आपल्या पोरींना म्हणाले, "चला, हळू चेंडू येणार आहे. संधी आहे."

पहिली बॅटर आली. सहा डाव अर्पिताच्या वेगाला सरावलेली पोरगी. भक्तीचा चेंडू येईपर्यंत तिची बॅट फिरून झाली होती. दुसऱ्यांदाही तेच. तिसरा चेंडू प्लेटजवळ एकदम खाली बसला, बॅट वरून गेली, आणि चेंडू मातीत आपटून उसळला. असा चेंडू कॅचरच्या हातून निसटला तर बॅटरला पळता येतं, आणि ती पळालीही. पण तो बबिताच्या छातीवर आदळून तिच्या पायाशी पडला होता. तिनं उचलला आणि दोन ढांगांत बॅटरच्या पाठीला टेकवला. एक आऊट.

बाकावर रुख्मिणी दुखऱ्या पायानिशी उड्या मारू लागली.

दुसऱ्या बॅटरला भक्तीचे चार चेंडू बाहेर गेले. तिला फुकट पहिला बेस मिळाला. पुढचीनं साधा सरपटी फटका मारला, तो शॉर्टस्टॉपच्या पायांमधून गेला, आणि बघता बघता पहिल्या आणि तिसऱ्या बेसवर लातूरच्या दोघी उभ्या होत्या. दोरीभोवती गलका वाढला. दिनकररावांचा आवाज त्या सगळ्यांवर होता. "अर्पिताला द्या! अजून बी द्या!"

मॅडम वेळ मागून आत गेल्या. खरं तर त्यांनाही अर्पिताला बोलवावंसं वाटत होतं. अर्पिता पहिल्या बेसवरच होती. हाक मारली की ती आली असती, तिच्या हातात चेंडू दिला असता तर कुणी नावंही ठेवली नसती. त्यांनी भक्तीकडं पाहिलं. भक्तीचे ओठ सुकले होते. मग त्यांनी बबिताला विचारलं, जसं त्या एरवी रुख्मिणीला विचारत.

"बॉल कसा यायलाय?"

बबितानं कॅचरची जाळी वर केली. घामानं माती गालाला चिकटली होती. "चांगला यायलाय मॅडम. खाली बसायलाय रोजच्यावानी. मधी भक्ती घाबरली व्हती, बॉल लवकर सोडायली व्हती. मी सांगितलंय तिला. आता न्हाई सोडणार."

"तुला दम हाय ना?"

"मला काय झालंय?" बबिता आश्चर्यानं म्हणाली.

तेवढं उत्तर मॅडमना पुरलं. त्यांनी भक्तीची टोपी सरळ केली आणि बाहेर आल्या.

पुढच्या बॅटरनं चेंडू उंच उडवला. तो तिसऱ्या बेसवरच्या पोरीनं जागच्या जागी धरला. दोन आऊट. आणि मग लाल बुटावाली आली.

पहिला चेंडू खाली, बॅट हुकली. दुसराही खालीच, तिनं कसाबसा बाहेर ढकलला. भक्तीनं चेंडू हातात फिरवला. बबितानं ग्लोव्ह जमिनीला टेकवला. इतका खाली की पंचसुद्धा वाकले. भक्तीनं टाकला. बॅट चेंडूच्या वरच्या कडेला लागली आणि चेंडू प्लेटसमोर दोन हातांवर घरंगळत गेला. तिसऱ्या बेसवरची पोरगी सुटली. लाल बुटावाली पहिल्या बेसकडं सुटली. बबितानं जाळी भिरकावली, झेप घेऊन चेंडू पकडला आणि न थांबता पहिल्या बेसकडं फेकला.

फेक वाकडी गेली. जरा उंच, जरा उजवीकडं. पहिल्या बेसवर अर्पितानं एक पाय बेसला चिकटवून ठेवला, बाकीचं सगळं अंग ताणलं आणि ग्लोव्हच्या अगदी टोकात तो चेंडू धरला.

पंचांची मूठ वर गेली. तिसरी आऊट झाली होती, त्यामुळं तिसऱ्या बेसवरून पळालेलीचा रन धरला जाणार नव्हता.

त्यानंतर काय झालं ते कुणालाच क्रमानं सांगता आलं नसतं. भक्ती मधेच रडत उभी राहिली. अर्पिता धावत येऊन बबितावर पडली. "वाकडा टाकलास गं! किती वाकडा!" असं ती ओरडत होती आणि तिला सोडत नव्हती. रुख्मिणी एका पायावर लंगडत आली आणि त्या दोघींच्या ढिगात कोसळली.

व्यंकटराव सर हात मिळवायला आले. "बाई, ही जोडी इतके दिवस कुठं लपवून ठेवली होती?"

"लपवली कुठं सर? दोन दिवस तुमच्या समोरच बाकावर बसल्या व्हत्या."

सर हसले. मग हळूच म्हणाले, "माझ्या पिचरचा खांदा दुखतोय. बर्फ आहे का तुमच्याकडं?" मॅडमनी रुख्मिणीच्या पायाचा निम्मा बर्फ त्यांना दिला, आणि स्वतः जाऊन त्या उंच पोरीच्या खांद्यावर बांधलासुद्धा.

दिनकरराव रसवंतीवाल्याला गाड्यासकट मैदानात घेऊन आले होते. पोरी ग्लास घेऊन गाड्याभोवती जमल्या तेव्हा ते मॅडमपाशी आले.

"मॅडम, मी लय वरडलो."

"ऐकायला आलं."

"पण तुमी एकदा बी वळून बघितलं न्हाई."

"मॅच चालू असली की मी फक्त पंचांचं ऐकते. ते बी मर्जी नसताना."

दिनकररावांनी मान मागं टाकून हसून घेतलं. मग त्यांनी गाड्याकडं नजर टाकली. "ती बारकी कोणाची हो? आन् ती दुसरी, हळू टाकणारी?" मॅडमनी दोघींची नावं सांगितली. त्यांनी ती पुन्हा एकदा विचारून घेतली, नीट लक्षात राहावीत म्हणून, आणि त्या दोघींना दुसरा ग्लास स्वतःच्या हातानं नेऊन दिला.

सोमवारी संध्याकाळी सेलूच्या मैदानावर सराव पुन्हा सुरू झाला. राज्य स्पर्धा महिन्यावर आली होती. मॅडमनी पहिल्या नऊजणींची नावं वाचली. रुख्मिणीचा पाय तोवर बरा होणार होता, त्यामुळं कॅचर तीच. पिचर अर्पिता. भक्ती आणि बबिता राखीव.

नावं संपली तरी बबिता जागची हलली नाही.

"काय गं? वाईट वाटलं?" मॅडमनी विचारलं.

"थोडं वाटलं," बबिता म्हणाली. "पण रुख्मिणीताईची बॅट माज्यापेक्षा लय चांगली हाय. ते बराबर हाय." तिनं ग्लोव्ह काखेत दाबला. "मला अर्पिताताईचा बॉल धरायचाय मॅडम. परवा मला तो धरता येत असता तर अर्पिताताईलाच टाकता आलं असतं."

मॅडमनी नावांचा कागद खिशात घातला. त्यांनी अर्पिताला हाक मारली आणि भिंतीकडं बोट केलं.

अर्पितानं भिंतीपाशी जाऊन हात मोकळा केला. "पूर्ण जोरात टाकू?"

"मंग काय, अर्धा टाकतेस?" बबिता उकिडवी बसली.

पहिला चेंडू ग्लोव्हला लागून मागच्या भिंतीवर आपटला. दुसरा तिच्या खांद्याला चाटून गेला. तिसरा हातात बसला खरा, पण बबिता त्याच्यासकट मागं पडली. अर्पिता हसायला लागली. बबितानं पडल्या पडल्याच चेंडू परत फेकला, उठून बसली आणि ग्लोव्ह पुढं धरला.